खाण्याच्या वेळा सांभाळून पाहिलेलं इंदूर

साताऱ्यात माझं नाश्त्याचं दुकान आहे. पहाटे कांदा चिरायला घ्यायचा, सहाला शटर वर, अकरापर्यंत पोहे-उप्पीट-मिसळ, मग भांडी आवरून उद्याच्या मटकीला मोड आलेत का ते बघायचं. वर्षानुवर्षं हेच करत आल्यामुळे परगावी गेले तरी माझी नजर आधी कढईखालच्या जाळाकडे जाते आणि मग देवळाच्या कळसाकडे. आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी दर थंडीत पाठीला सॅक लावून कुठंतरी निघतो. एक जनावरांची डॉक्टर, एक बँकेत, एक शाळेत भूगोल शिकवते. डॉर्मिटरीत झोपायचं, सिटी बस आणि ई-रिक्षानं फिरायचं, आणि राहण्याचे जे पैसे वाचतील ते रस्त्यावर उभं राहून खायचं, अशी आमची रीत. सगळ्यांचे पैसे एका बटव्यात असतात आणि तो बटवा अर्थातच बँकवालीकडे.

अशा हिंडण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक पदार्थाला त्याची वेळ असते आणि ती वेळ त्या गावानं ठरवलेली असते. तिथल्या कामाच्या पाळ्या, हवा, शेतात त्या महिन्यात काय निघतं, दुकानं कधी उघडतात नि कधी मिटतात, यावर ती बसलेली असते. बरेच प्रवासी वाड्या-देवळांच्या वेळा पाहून दिवस आखतात आणि खाणं मधल्या फटीत कोंबतात. मग सकाळचा पदार्थ दुपारी समोर येतो, रात्रीचा पदार्थ बघायला मिळतच नाही, आणि ‘एवढं काही विशेष नाही’ असं म्हणत लोक परततात. आम्ही उलट करतो. आधी खाण्याच्या वेळा मांडतो आणि वाडे, छत्र्या, राजवाडे त्यांच्या मध्ये बसवतो. ही पद्धत ज्या शहरात सगळ्यात चांगली जमते असं मला वाटतं, त्या इंदूरचा हा एक दिवस.

रात्रभराच्या गाडीनं आम्ही सकाळी इंदूरला उतरलो. जानेवारी होता, तोंडातून वाफ निघत होती. डॉर्मिटरीत सॅक टाकल्या, तोंडावर पाणी मारलं आणि थेट पोह्यांच्या गाडीवर गेलो, कारण इंदूरचे पोहे खावेत ते सकाळीच.

तिथं मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. आपण पोहे कढईत फोडणीला टाकतो, झाकण ठेवून एक वाफ आणतो आणि उतरवतो. घरी ते ठीक आहे. पण विकायचे पोहे तीन-चार तास कढईत राहतात, आणि खाली जाळ असला की तळाचा थर करपतो, कडेचा कडक होतो, मधले तेवढे मऊ राहतात. मग आमच्यासारखे दुकानदार पाण्याचा हबका मारत बसतात आणि पोह्यांचा गोळा होतो. इंदूरच्या गाडीवर पोह्यांच्या पातेल्याखाली जाळ नसतोच. खाली उकळत्या पाण्याचं मोठं भांडं, त्याच्यावर पोह्यांचं पातेलं. पोह्यांना फक्त वाफेची ऊब. उकळतं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून करपायचा प्रश्न नाही; आणि खालून सतत वाफ येत असल्यामुळे पोहे सुकतही नाहीत. तेलही कमी लागतं, कारण पोहे सुटे ठेवायचं काम तेलाकडे नसून वाफेकडे असतं. आठ वाजता आलेल्याला आणि दहा वाजता आलेल्याला तोच मऊपणा मिळतो. एका साध्या भांड्यानं केवढी सोय करून ठेवली आहे!

फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप, अख्खे धने, हिरवी मिरची. साखर आपल्यापेक्षा सढळ. कागदावर पोहे पडले की वरून बारीक कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, लिंबू, मूठभर शेव आणि शेवटी जिरावन. जिरावन म्हणजे माळव्याचा भुरभुरायचा मसाला: भाजलेलं जिरं, धने, बडीशेप, लवंग, तमालपत्र, हिंग, आमचूर, काळं मीठ, मिरची असं सगळं एकत्र कुटलेलं. आंबट, खारट आणि तिखट असं एकदम लागतं. इंदूरकर ते पोह्यांवर घालतात, काकडीवर घालतात, पेरूवर घालतात. डॉक्टरीणबाईंनी शेंगदाणे शोधून पाहिले. गाडीवाला म्हणाला, “मूँगफली खिचड़ी में, दीदी. पोहे में सौंफ.” शेजारच्या कढईतून पातळ, कुरकुरीत जलेबी निघत होती. एक घास पोहे, एक तुकडा जलेबी, हीच इथली न्याहारी. आधी मला वाटायचं की गोड शेवटी खावं. पण गरम जलेबी पोह्यांमधल्या आंबट-तिखटाबरोबरच तोंडात हवी. चौघींचा नाश्ता झाला तरी बटव्याला फारसं जाणवलं नाही.

माळव्यात पोहे आले ते होळकर-शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी माणसांच्या शिध्यातून, असं तिथले लोक सांगतात. ते रुजले मात्र या शहराच्या कामकरी सकाळीमुळे, असं मला वाटतं. इंदूर हे सुती गिरण्यांचं गाव. मालवा मिल, राजकुमार मिल, कल्याणमल मिल, हुकुमचंद मिल. पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाला उभ्याउभ्या, स्वस्तात, पोटभर आणि गरम काहीतरी हवं असणार. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा मार्ग मोकळा व्हायला 2023 चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं! गिरण्या गेल्या, चौकांना त्यांची नावं राहिली, आणि सकाळी पोह्यांभोवती उभं राहायची सवयही राहिली. आता तिथं कोचिंग क्लासची पोरं असतात, बँकेतले कारकून असतात, मॉर्निंग वॉकवरून परतणारे आजोबा असतात.

नाश्ता जिरवायला राजवाडा बरा. स्टेशनपासून तो दोनेक किलोमीटरच आहे. मल्हारराव होळकरांनी 1747 च्या सुमारास तो बांधायला घेतला. सात मजल्यांचं हे प्रवेशद्वार खालून वर बघत गेलं की बांधणीतला फरक सहज कळतो: खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. सज्जे, जाळ्या, कमानी, कोरीव खांब. पुण्या-साताऱ्याकडचे वाडे पाहिलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं, पण एवढ्या उंचीवर आपण ते कधी पाहिलेलं नसतं.

लाकडाच्या या मजल्यांनीच राजवाड्याला छळलं. 1801 मध्ये दौलतराव शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले, शहर लुटलं आणि राजवाडा जाळला. मंदसोरच्या तहानंतर, 1818 पासून, होळकरांची राजधानी इंदुरात आली. वाडा पुन्हा उभा राहिला तो होळकरांचे दिवाण तात्या जोग यांच्या कारभारात. पुढं 1984 च्या दंगलीत लागलेल्या आगीनं मागचा मोठा भाग गेला, आणि तो नंतर जुन्या पद्धतीनं परत बांधला. त्यामुळे आज आपण जे बघतो त्यात काही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं आणि काही आपल्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. मला यात कमीपणा दिसत नाही. ज्या गावाला वाडा पुन्हा उभारावासा वाटतो, त्या गावाचं त्याच्यावर प्रेम असतं.

वाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. मल्हारराव मूळचे जेजुरीजवळच्या होळ गावचे, त्यामुळे कुलदैवत खंडोबा. तिथं नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या. आमचं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, “जेजुरीकडचे का तुम्ही?” सातारा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग जवळचेच की.” त्यांचं घराणं चार पिढ्या इंदुरात. मराठी आपलीच, पण हेल माळव्याचा, शब्द ओढून, सावकाश. रात्री सराफ्यातल्या खाऊबाजारात जाणार असं सांगितल्यावर त्यांनी आम्हाला दटावलंच: “जेवून जाऊ नका हो. आणि चार जणींनी चार प्लेटा घेऊ नका, एकच घ्या. नाहीतर दुसऱ्या दुकानावर पोट संपतं.” आम्ही आधीपासून हेच करतो. एक प्लेट, चार चमचे. पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर त्याला वजन आलं.

राजवाड्यापासून चालत कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्यांकडे गेलो. होळकर घराण्यातल्या कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची ही स्मारकं. छत्र्यांचं नक्षीकाम सुंदर आहे, आणि अगदी भर गावात असूनही तिथं गर्दी नसते. इतवारिया बाजारातलं काच मंदिर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेठ हुकुमचंदांनी बांधलं. जैन मंदिराच्या भिंती, खांब, छत, जमीन, सगळीकडे काच बसवलेली. सिख मोहल्ल्यातही आम्ही वाट वाकडी करून गेलो, कारण 28 सप्टेंबर 1929 ला लता मंगेशकरांचा जन्म तिथल्या एका घरात झाला. आता तिथं कापडाचं दुकान आहे. आम्ही रस्त्यावर उभं राहून वर पाहिलं, आणि बँकवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

दिवसातलं सगळ्यात लांबचं ठिकाण लालबाग महाल. तो आम्ही दुपारी ठेवला, कारण दुपार ही इंदूरच्या रस्त्यावर खाण्याची वेळ नव्हे. 1886 मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात सुरू झालेलं हे काम तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, 1921 मध्ये संपलं. फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये ओतून जहाजानं आणलेलं. आत संगमरवरी खांब, झुंबरं, गालिचे, नाचाचा दिवाणखाना. हे सारं बघून झाल्यावर मला थांबवून ठेवलं ते एका माहितीनं: या महालाचा मुदपाकखाना महालात नव्हता. तो नदीच्या पलीकडच्या काठावर होता आणि दोन्हींच्या मध्ये जमिनीखालून भुयार होतं. जेवण त्या भुयारातून महालात यायचं.

यामागचं कारण स्वयंपाकघरात राबलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मोठ्या पंगतीच्या स्वयंपाकाचा धूर, फोडणीचा ठसका, माशा, भांड्यांचा आवाज आणि आगीची भीती हे सगळं नदीपलीकडे. पण त्याचबरोबर मी हिशेब करत होते की एवढ्या अंतरावरून आमटी गरम कशी पोचत असेल? पोळी कडक होत नसेल? झाकलेल्या भांड्यांची रांग भुयारातून धावतपळत न्यावी लागत असणार, आणि ती वाहणाऱ्या माणसांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. राजानं जेवण भुयारातून मागवलं. त्याच शहरातल्या सामान्य माणसानं भट्टी रस्त्यावर मांडली आणि तिच्यासमोर उभा राहून खाल्लं. दोघांत गरम कोणी खाल्लं असेल, याबद्दल मला शंका नाही.

चारच्या सुमाराला पोटात जागा झाली. छप्पन दुकान हा न्यू पलासियातला भाग नावाप्रमाणे छप्पन दुकानांच्या रांगेचा. आता तिथं वाहनांना बंदी आहे, बसायला बाक आहेत, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2019 मध्ये स्वच्छ खाऊगल्ली म्हणून या जागेला मान्यता दिली. हातमोजे, झाकलेली भांडी, धुतलेले ओटे. मी धंदेवाईक नजरेनं बघितलं आणि समाधान झालं. इथं खोपरा पॅटिस खावं. बटाट्याचं आवरण, आत ओला नारळ, काजू, बेदाणे. तळल्यावर वरचं कवच खुसखुशीत आणि आतलं सारण गोडसर. आपल्या उपवासाच्या कचोरीची ही मोठी बहीणच. चटणीबरोबर दोन घासांत संपतं.

त्यानंतर शिकंजी. दिल्लीकडे शिकंजी म्हणजे मसाल्याचं लिंबूपाणी. इंदुरात ती दुधाची. आटवलेलं दूध, त्यात किंचित आंबटपणासाठी दह्याचा अंश, केशर, वेलची, जायफळ, बेदाणे. इतकी दाट की ग्लास तिरका केला तरी सावकाश खाली येते. एका ग्लासात दोघींचं भागतं. आम्ही दोन घेतले, आणि मग डॉर्मिटरीत जाऊन चक्क झोपलो. रात्री जागायचं असलेल्या शहरात संध्याकाळची झोप हा वेळेचा अपव्यय नाही; मी तर म्हणेन, इंदुरात ती कार्यक्रमपत्रिकेत लिहूनच ठेवावी.

रात्री उठलो तेव्हा भूगोलवालीनं पांघरुणातूनच आम्हाला माळवा समजावून सांगितला. हे पठार आपल्या दख्खनसारखंच, लाव्ह्याच्या थरांनी बनलेलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. हवा कोरडी, त्यामुळे सूर्य गेला की उष्णता झपाट्यानं निघून जाते आणि उन्हाळ्यातही रात्री सुखाच्या होतात. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी जुनी ख्यातीच आहे. शब-ए-मालवा. लोकांना रात्री बाहेर पडावंसं वाटतं, म्हणून रात्रीचा बाजार टिकतो.

सराफा राजवाड्याच्या अगदी मागं आहे. दिवसा तिथं सोन्या-चांदीची दुकानं, अरुंद रस्ता, तराजू आणि कपाटं. आठनंतर एकेक शटर खाली येऊ लागतं. शटरला कुलूप लागतं न लागतं तोच त्याच दुकानाच्या ओट्यावर कोणीतरी कढई, शेगडी, पातेली मांडायला लागतो. सोनार निघतो, हलवाई बसतो, आणि बहुतेक ठिकाणी दोघं एकमेकांना नावानं ओळखतात. ही पद्धत कशी पडली याबद्दल तिथं सांगतात ते असं, की रात्रभर माणसांची वर्दळ राहिली तर दुकानं फुटायची भीती नाही, म्हणून सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना ओटे वापरू दिले. राखणदारीचा पगार न देता राखण, आणि भाडं न भरता मोक्याची जागा. दोघांच्याही गरजेत बसणारा हा व्यवहार आहे आणि म्हणूनच तो पिढ्यानपिढ्या चालला.

आम्ही नऊच्या सुमाराला शिरलो आणि सगळ्यात आधी भुट्टे का कीसकडे गेलो. कणसं किसणीवर किसायची. दाण्यातला चीक त्या किसाबरोबर परातीत उतरतो आणि तोच या पदार्थाचा जीव. कढईत तूप, जिरं-मोहरी, हिंग, हिरवी मिरची; त्यावर कीस. सुरुवातीला तो पिठल्यासारखा सैल असतो. मग त्यात दूध पडतं, आणि खरं काम तिथून सुरू होतं. माझ्यासमोरचा माणूस मोठ्या उलथण्यानं तळ खरवडत कीस मधून कडेला, कडेचा मध्ये असा अखंड फिरवत होता. चिकात स्टार्च असतो, तो दूध ओढून घेतो आणि फुगतो. हात थांबला की तळाला धरतो. दूध आटून तूप कडेनं सुटायला लागलं की कीस झाला. मी विचारलं की किती वेळ लागतो. त्यानं वर न बघता सांगितलं, “जितना भुट्टा बोले, दीदी.” कणीस कोवळं असेल तर कीस पाणचट होतो, जून असेल तर भरभरीत. बारमाही मिळणाऱ्या स्वीट कॉर्नचा कीस गोड लागतो, पण त्याला तो दुधाळ, किंचित तुरट स्वाद येत नाही. देशी मक्याचा पावसाळ्यातला कीस खरा, असं तो म्हणाला आणि जानेवारीतला कीस खाऊनही मला त्याचं म्हणणं पटलं. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू, जिरावन. चार चमचे एकदम द्रोणात पडले.

पण जानेवारीचा राजा गराडू. हा कोनफळाच्या जातीचा कंद, जमिनीखाली वाढणारा, लांब, ओबडधोबड. थंडीतच निघतो आणि थंडीतच विकला जातो. सोलून त्याचे चौकोनी तुकडे करतात आणि दोनदा तळतात. पहिल्यांदा मंद आचेवर, आतपर्यंत शिजेल असे. मग ते उपसून परातीत ढीग घालून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की त्यातले मूठभर पुन्हा कडक तेलात. पहिल्या तळणीत आतला गर मऊ होतो आणि निवताना वरचा ओलावा उडून जातो. दुसऱ्या तळणीत वरचं कवच खरपूस होतं. बटाटा असा तळला तर आतून कोरडा पडतो, गराडूचा गर मात्र चिकट असल्यामुळे लोण्यासारखा राहतो. वाडग्यात तुकडे, वर लिंबू आणि गराडूचा म्हणून वेगळा केलेला तिखट-आंबट मसाला, आणि वाडगं दोन-तीनदा झटक्यात उडवायचं. टोकदार काडीनं खायचं. बोटं भाजतात, जीभ भाजते, आणि तरी थांबवत नाही. आम्ही इथं आमचा एक प्लेटचा नियम मोडला. बँकवालीनं काही न बोलता बटवा पुन्हा उघडला.

साबुदाण्याची खिचडी इथं परतलेली नसते. भिजवलेला साबुदाणा वाफेवर फुलवून ठेवतात आणि मागणी आली की त्यात दाण्याचं कूट, बटाट्याचे तळलेले काप, फराळी चिवडा, मिरची, लिंबू, जिरावन घालून हातानं मिसळून देतात. तेल-तुपाची फोडणी नसतेच म्हटलं तरी चालेल. आमच्या दुकानात एकादशीला होणारी तुपातली खिचडी मला जास्त आवडते, हे सांगून टाकते. पण मोठ्या प्रमाणावर, न चिकटता, तासन् तास खिचडी विकायची तर हीच पद्धत योग्य. दहीवड्याच्या दुकानासमोर गर्दी होती. तिथं द्रोण दह्यासकट हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले आळीपाळीनं सोडतात. कसब आहे यात वाद नाही, आणि वडाही मऊ होता. गोडात जलेबा, म्हणजे एकच जलेबी पण पाव किलोच्या घरातली; आणि मावाबाटी, खव्याचा मोठा तळलेला गोळा, आत सुकामेवा, पाकात मुरलेला. चौघींना एक मावाबाटी पुरली. पेटता विडा तोंडात घालण्याचा तमाशा आम्ही पाहिला आणि पुढं गेलो.

हा सगळा पसारा रात्री दोनच्या सुमाराला आवरतो, आणि मग रस्ते झाडणारी, धुणारी माणसं येतात. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 2017 पासून सलग सात वर्षं पहिलं आलं, ते अशा रात्रपाळीच्या जोरावर. जागोजाग ओल्या-सुक्या कचऱ्याचे वेगळे डबे असतात आणि लोक ते वापरतात. कणसाची बुडखी, द्रोण, साली ओल्या डब्यात. शहराचा ओला कचरा पुढं बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. 2022 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 550 टन आहे, आणि त्यातल्या गॅसवर शहरातल्या बसही धावतात. माझ्या दुकानातून रोज बादलीभर कांद्याची सालं निघतात. त्यांचं काय होतं हा प्रश्न सराफ्यात मला नव्यानं पडला, आणि परतल्यावर मी तो आमच्याकडेही विचारत राहिले आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र सराफ्यातला जुना व्यवहार अवघड झाला आहे. ओट्यांबरोबर रस्त्याच्या मध्येही गाड्या लागल्या, नूडल्स-मोमोज आले, शनिवार-रविवारी पाऊल ठेवायला जागा उरत नाही. एवढ्या अरुंद बोळात इतके गॅसचे सिलिंडर म्हणून सराफांनी तक्रार केली, आणि पारंपरिक पदार्थांचीच दुकानं ठेवावीत की सगळा बाजारच हलवावा यावर वाद झडले. सराफांची भीती मला खोटी वाटत नाही. पाठीला लाकडी राजवाडा असलेल्या गावाला आगीबद्दल कोणी शिकवायला नको. सिलिंडर मोजून द्यावेत, आगीचा बंब शिरेल एवढी वाट मोकळी ठेवावी, मधल्या गाड्या उचलाव्यात. पण बाजार दुसऱ्या मैदानात नेऊ नये. कीस आणि गराडू तिथंही विकले जातील, पण ते संध्याकाळी सातलाही विकले जातील, दुपारीही विकले जातील. शटर पडल्यावर ओटा मिळतो म्हणून ते रात्रीचे झाले. ओटा काढून घेतला तर त्यांची वेळही जाईल.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते. गराडू हवा असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, अंगात स्वेटर घालून. देशी मक्याचा कीस हवा असेल तर श्रावण-भाद्रपदात. लालबाग सोमवारी बंद असतो. शनिवारची रात्र सराफ्यासाठी टाळा, मधल्या वारी जा आणि साडेनऊच्या आत पोचा, म्हणजे शटर खाली येताना आणि कढया चढताना दोन्ही बघायला मिळेल. गराडू आणि खरा कीस एका फेरीत काही मिळत नाहीत. आमच्या भूगोलवालीनं गणपतीनंतरची सुट्टी आत्तापासूनच मागून ठेवली आहे.